सदर इसम येथे राहत नाही

पितांबर बिऱ्हाडेचा धंदा बदली ड्रायव्हरचा. जळगावात ज्यांच्या दारात गाडी आहे पण लांबचं चालवायची हिंमत नाही किंवा सवड नाही, अशा लोकांचे त्याला फोन यायचे. कुणाला नाशिकच्या दवाखान्यात जायचं, कुणाला पुण्याला मुलाकडे, कुणाला लग्नाला. सांगितलेल्या वेळेच्या दहा मिनिटं आधी पितांबर गेटपाशी हजर. किल्ली घ्यायची, सीट मागे सरकवायची, आरसे आपल्या नजरेला लावायचे आणि निघायचं. परत आल्यावर गाडी पुसायची, सीट आणि आरसे मालकाचे होते तसे करून ठेवायचे, मग किल्ली द्यायची. एक डॉक्टर तर चारचौघांत सांगायचे, "बिऱ्हाडे गाडी घेऊन गेले होते हे सीटवर बसल्यावर कळतसुद्धा नाही."

अठ्ठावीस वर्षांत त्याच्या हातून कुणाच्या गाडीला ओरखडा पडला नव्हता. वय चोपन्न, अंगाने उंच, बोलणं मोजकं. रेल्वे लाइनीच्या पलीकडे एका घराच्या गच्चीवरची खोली त्याने भाड्याने घेतली होती. खोलीत एक खाट, गॅसची शेगडी, भिंतीवर बुद्धाचा आणि बाबासाहेबांचा फोटो. दिवसचे दिवस तो लोकांच्या कुटुंबांत बसून असायचा. मागच्या सीटवर जावा भांडायच्या, नवरा-बायको अबोला धरायचे, एखादे आजोबा रडायचे. पुढे कुणी बसलंय याचं कुणाला भान नसे. कुठल्या घरची सून माहेरी निघून जायचं म्हणतेय, कुणाच्या मुलाची नोकरी गेलीय आणि घरात अजून सांगितलेलं नाही, हे सगळं त्याला ठाऊक असे. त्याला मुलंबाळं आहेत का, हे मात्र कुणी कधी विचारलं नव्हतं.

त्याला एक मुलगी होती, आणि बायकोही. दोघी धरणगावला. जळगावहून एसटीने तासाभराचा रस्ता, पण अकरा वर्षांत तो तिकडे फिरकला नव्हता.

भांडण म्हणावं असं काही झालं नव्हतं. त्या काळात महिन्यातले वीस-बावीस दिवस तो बाहेर असायचा. एकदा एकोणीस दिवसांनी भर दुपारी घरी पोचला. नऊ वर्षांची आम्रपाली त्याच्यासाठी पाणी घेऊन आली. पेला ताटलीत ठेवून आणलेला, पाहुण्याला देतात तसा, आणि तो पिऊन होईपर्यंत ती हात मागे बांधून उभी राहिली. बायको दीपमाला गावात आशाताई म्हणून काम करायची, तिच्याकडे दोन-तीन बायका आल्या होत्या. त्यांच्यासमोर ती हसत म्हणाली, "पाव्हना कितला दिन शे आते?" बायका हसल्या. पितांबरही हसला. पण संध्याकाळी त्याने बॅग उचलली आणि जळगावला निघून आला. तिचा फोन येईल असं त्याला वाटत होतं. तो फोन करील असं तिला वाटत असावं.

आठवडा गेला, महिना गेला. काही वर्षं तो पैसे पाठवत राहिला, मग तिने कुणाकडून तरी निरोप धाडला की आता नको, माझं भागतं. पुढे एका लग्नात त्याचा मोबाइल चोरीला गेला. त्याने नवा नंबर घेतला आणि तो धरणगावला कळवायचं राहून गेलं. मुद्दाम राहिलं का, ते त्याला स्वतःलाही नक्की सांगता आलं नसतं.

तर त्या वर्षी मार्चमध्ये तो एका केळीच्या व्यापाऱ्याचं कुटुंब घेऊन चोपड्याला चालला होता. व्यापारी मागच्या गाडीत होता. त्याचा फोन आला, "कुठपर्यंत पोचले?" पितांबरने फोन कानाला लावला आणि पुढच्याच वळणावर पोलिसांनी हात केला. त्याने दंड भरला, पावती पाकिटात ठेवली. चूक आपली होती, दंड भरला, विषय संपला, असं त्याने धरलं.

विषय संपला नव्हता. गाडी चालवताना फोनवर बोललं की दंड वेगळा आणि लायसन्सचं वेगळं, हे त्याच्या गावीही नव्हतं. पोलिसांकडून कागद आरटीओत गेले. तिथून आधी खुलासा मागणारी नोटीस निघाली, मग तीन महिन्यांसाठी लायसन्स निलंबित केल्याचा हुकूम निघाला. दोन्ही पत्रं लायसन्सवर छापलेल्या पत्त्यावर गेली. लायसन्सवर पत्ता धरणगावचा होता.

ऑक्टोबरात तोताराम नाना आणि त्यांच्या बायकोला घेऊन तो धुळ्याला निघाला. नानांच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं. गाडी त्यांच्या मुलाची, मुलगा बंगळुरूला. धुळ्याच्या अलीकडे हायवेवर तपासणी चालू होती. धनसिंग राजपूत नावाच्या हवालदाराने लायसन्स घेतलं, मशीनमध्ये नंबर टाकला, स्क्रीनकडे पाहिलं आणि पुन्हा एकदा टाकला.

"भाऊ, तुमचं लायसन्स सस्पेंड आहे."

"नाही हो साहेब. अजून चार-पाच वर्षं मुदत आहे. बघा ना, मागे लिहिलंय."

"मुदतीचं नाही म्हणत मी. सस्पेंड आहे. ऑगस्टपासून."

पितांबरने कार्ड हातात घेऊन उलटंसुलटं पाहिलं. कार्डावर तसं काहीच नव्हतं. फोटोतला तो स्वतः मख्ख चेहऱ्याने समोर बघत होता.

नाना काचेतून डोकावत होते. काय झालं ते कळल्यावर त्यांचा चेहरा पडला. "सांगायचं होतं ना भाऊ तुम्ही. आम्ही दुसरा कुणी बघितला असता."

"नाना, मलाच माहीत नव्हतं."

त्यांचा भाचा धुळ्याहून मोटरसायकलवर एका मित्राला घेऊन आला आणि त्याने गाडीचा ताबा घेतला. गाडी सुरू झाली तेव्हा नानांच्या बायकोने काच खाली केली आणि कागदात गुंडाळलेल्या पोळ्या पितांबरच्या हातात दिल्या. "तुमच्या वाटच्या आहेत," ती म्हणाली. मग ती नानांकडे वळली आणि काच वर गेली. भाचा सीट पुढे ओढायला विसरला होता. गाडी पार दिसेनाशी होईपर्यंत पितांबरच्या डोक्यात तेवढंच राहिलं, की त्या पोराचा पाय ब्रेकला नीट पोचत नसेल.

धनसिंगने गुन्ह्याचा कागद लिहिला. "सध्या कुठे राहता?" असं विचारून त्याने खोलीचा पत्ता आणि मोबाइल नंबर टिपून घेतला.

जळगावात ही गोष्ट आठ दिवसांत पसरली. लायसन्स बंद असताना गाडी चालवत होता, म्हाताऱ्या माणसांना घेऊन. नोव्हेंबरात तीन महिने संपले, लायसन्स पुन्हा चालू झालं, पण फोन चालू झाले नाहीत. त्याने दोन-तीन जुन्या मालकांना स्वतःहून फोन करून पाहिलं. "कळवतो," सगळे म्हणाले. आवाजात राग नव्हता कुणाच्या. शेवटी तो एका गाड्या धुण्याच्या सेंटरवर लागला. तिथे गाडी रॅम्पवरून फाटकापर्यंत न्यायची, वीस पावलं. त्या वीस पावलांसाठीही तो सीट आणि आरसे लावून घ्यायचा. बाकीचे हसायचे.

समन्स आलं ते धुळ्याच्या कोर्टाचं, आणि ते बरोबर खोलीवर आलं. पहिल्या तारखेला कोर्टाच्या आवारात एका टायपिस्टने त्याला फुकट सल्ला दिला, "कबूल करून टाका, दंड भरा, दुपारच्या गाडीने घरी जा." पितांबरने मान हलवली, पण पुकारा झाल्यावर त्याच्या तोंडून निघालं, "गुन्हा कबूल नाही, साहेब." मग वकील शोधणं आलं.

ॲडव्होकेट सबा पिंजारी यांचं ऑफिस त्यांच्या वडिलांच्या, फारुखभाईंच्या, गादी कारखान्याच्या वर होतं. जिन्यावर कापूस उडत असायचा. वय तिशीच्या आतबाहेर, बोलणं भराभर.

"काका, एकच सांगा. माहीत होतं का नव्हतं?"

"नव्हतं."

"कलम एकशे ब्याऐंशी आहे. तीन महिन्यांपर्यंत कैद, नाहीतर दहा हजार दंड, नाहीतर दोन्ही. बहुतेक दंडावर भागतं. लढायचं तर तारखा पडतील, दर वेळी जळगावहून यावं लागेल."

"दंडाचं नाही मॅडम. मला माहीत असतं तर मी किल्लीला हात लावला नसता. एवढंच मला साहेबांना सांगायचंय."

सबाने कागदांच्या नकला काढल्या. पुढच्या खेपेला तिने एक झेरॉक्स त्याच्यासमोर सरकवली. हुकूम ज्या पाकिटातून गेला त्याची ती पोचपावती होती. "सरकारचं सगळं म्हणणं या कागदावर उभं आहे. पत्र पोचलं, तुम्ही सही केली, म्हणजे तुम्हाला माहीत होतं. ही सही तुमची?"

पितांबर बराच वेळ बघत राहिला. सही त्याचीच होती आणि त्याची नव्हती. ‘पि’ची वेलांटी नावाच्या डोक्यावरून पार शेवटच्या अक्षरापर्यंत नेलेली, खाली एक आडवी रेघ आणि दोन टिंबं. अशी सही तो पूर्वी करायचा. आठ वर्षांपूर्वी जॅक निसटून उजवा अंगठा चेंगरला, तेव्हापासून त्याला ती वेलांटी जमत नव्हती. आता तो एकेक अक्षर सुटं काढायचा.

"नाही माझी," तो म्हणाला.

"मग कुणाची?"

"घरी विचारावं लागेल."

"घरी कोण असतं?"

"बायको आणि मुलगी. धरणगावला."

"आणि तुम्ही?"

"जळगावला. एकटा. बारावं वर्ष चालू आहे."

सबाने पेन उचललं. "हे महत्त्वाचं आहे. याला काही कागद आहे?"

"कशाला?"

"तुम्ही त्या घरी राहत नाही याला."

खोलीचा करारनामा कधी झालाच नव्हता. विजेचं बिल घरमालकाच्या नावावर. आधार कार्ड धरणगावचं, रेशन कार्डावर नाव धरणगावचं, मतदार यादीतही तिथलंच. सबा एकेक विचारत गेली आणि एकेक खोडत गेली.

"कागदावर तुम्ही घरीच राहता, काका," ती म्हणाली.

रविवारी तो एसटीने धरणगावला गेला. स्टँडपासून घरापर्यंतचा रस्ता सिमेंटचा झाला होता. दार दीपमालाने उघडलं. तिच्या केसांत पुढून पांढरी पट्टी आली होती. तिने त्याला डोक्यापासून पायापर्यंत पाहिलं.

"काब्र उनात?"

"काम होतं."

तिने खुर्ची पुढे केली. त्याने सगळं सांगितलं, चोपड्याच्या रस्त्यावरच्या फोनपासून. ती दाराच्या चौकटीला टेकून ऐकत होती. मधे एकदा तिने पदराने कपाळ पुसलं.

"एक पत्र उनं व्हतं," ती म्हणाली. "पोस्टमनले मी सांगी दिन्हं, त्या आठे ऱ्हातस नही. परत ली गया तो. दुसरं माले माहीत नही."

आम्रपाली बाहेरून आली तेव्हा त्याला तिला ओळखायला एक क्षण लागला. उंची त्याची होती. तिने नर्सिंगचा कोर्स पुरा केला होता, आरोग्य सेविकेच्या निवड यादीत नाव लागलं होतं. हे त्याला भिंतीवरच्या कॅलेंडरमागे खोचलेल्या पेपरच्या कात्रणावरून कळलं, तिने सांगायच्या आधी. त्याने झेरॉक्स पुढे केली. ती तिने हातात घेतलीसुद्धा नाही.

"मी केलीय," ती म्हणाली.

दीपमाला चमकून तिच्याकडे बघत राहिली.

"आई मीटिंगला गेली होती. पोस्टमन नवीन होता. म्हणाला, पितांबर बिऱ्हाडे आहेत का, सही लागेल. मी म्हटलं, पप्पा आत झोपलेत. सही करून आणते. पोचपावतीचं कार्ड आत नेलं, सही केली आणि आणून दिलं."

"झोपलेत म्हणालीस?" पितांबरने विचारलं.

"हो."

"का गं?"

"माहीत नाही. तोंडातून निघून गेलं." मग म्हणाली, "मला तुमची सही येतेच. शाळेत प्रगतिपुस्तकावर वडिलांची सही मागायचे. घरात तुमचं जुनं पासबुक होतं, त्यावरून बघून बघून शिकले. बारावीपर्यंत करत होते."

तिने आतून पाकीट आणून दिलं. ते फोडलेलं होतं.

"वाचलं मी. तुम्हाला फोन लावला, जुन्या नंबरवर. मालेगावच्या कुणा माणसाने उचलला. दोन दिवसांनी परत लावला, परत तोच. मग नाही लावला."

"नंबर बदलला होता माझा."

"ते कळलं."

आम्रपाली म्हणाली, "मी येते कोर्टात. सांगते मीच सही केली म्हणून. वकीलबाईंना सांगा."

आत गेलेल्या दीपमालाचा आवाज आला, आता कठीण झालेला. "तिना बठ्ठा कागद पडताळणीले गयात. पोलिसना दाखला येवाना शे अजून."

"नाही येणार ती," पितांबर म्हणाला. "गरज नाही पडणार."

दीपमाला बाहेर आली. "जेवी ल्या," ती म्हणाली. त्याला बाहेरच्या खोलीत ताट वाढलं. भरीत होतं, कळण्याची भाकरी होती. दोघी आत होत्या, हळू आवाजात काही बोलत होत्या. तो जेवला, ताट उचलून मोरीत ठेवलं. निघताना आम्रपालीने फोन काढला.

"नंबर सांगा. पप्पा नावाने तो जुना अजून आहे. काढू का तो?"

"काढ."

स्टँडवर तासभर गाडी नव्हती. तो बाकावर बसून राहिला. दोनदा त्याच्या मनात आलं की परत जावं, फोनबद्दलचं तेवढं नीट सांगून यावं. मग गाडी लागली.

सबाला हे पटलं नाही. "काका, तुमचा एकच साक्षीदार आहे आणि तो तुम्ही घरी बसवून ठेवताय."

"बसू द्या घरी. नोकरी लागतेय तिला. दुसऱ्याच्या नावाची सही केली असं कोर्टाच्या कागदावर आलं तर?"

सबाने विचार केला. तसं काही होईलच असं नाही, पण होणार नाही असंही ती सांगू शकत नव्हती. "साहेब तुम्हाला सरळ विचारतील, सही कुणाची. खोटं सांगू नका. सांगायचं नसेल तर सांगायचं नाही म्हणा, आरोपीला तेवढा हक्क असतो. पण मग माझ्या हातात फार काही राहत नाही."

तारखा पडत गेल्या. कधी साहेब रजेवर, कधी साक्षीदार गैरहजर. पितांबर पहाटेच्या एसटीने यायचा आणि खिडकीशी बसून ड्रायव्हरचे गिअर बदलणं ऐकत राहायचा. धनसिंग राजपूतची साक्ष झाली. त्याने घडलं तेवढंच सांगितलं. मशीनवर काय दिसलं ते सांगितलं, आणि उलटतपासणीत हेही सांगितलं की हा माणूस खरोखर गोंधळला होता, कार्ड परत परत बघत होता.

मग आरटीओतले कारकून ज्ञानेश्वर मोरे फाइल घेऊन आले. सरकारी वकिलांनी पोचपावती दाखल करून घेतली. सबा उठली.

"हुकूम काढण्याआधी खुलासा मागायची नोटीस पाठवता ना तुम्ही?"

"हो, पाठवली होती."

"पोचली?"

मोरेंनी फाइल चाळली. ते सरळ माणूस होते, लपवायचा त्यांचा काही हेतू नव्हता. "परत आली होती. पाकीट आहे फाइलला."

"त्यावर पोस्टाचा शेरा असेल. वाचून दाखवता?"

मोरेंनी चष्मा पुसला. "सदर इसम अकरा वर्षांपासून येथे राहत नाही, असे पत्नी सांगते. सबब परत."

स्टेनोला नीट ऐकू आलं नव्हतं. साहेब म्हणाले, "पुन्हा वाचा, जरा मोठ्याने."

मोरेंनी पुन्हा वाचलं. कोर्ट भरलेलं होतं, आपापल्या पुकाऱ्याची वाट बघणारी माणसं, कुणी जांभई देत होतं, कुणी भिंतीवरच्या यादीत आपलं नाव शोधत होतं. कुणी मान वळवून पितांबरकडे पाहिलं नाही. तो आरोपीच्या जागी कठडा धरून उभा होता. सबाने त्याच्याकडे बघून हलकीशी मान हलवली, म्हणजे काम झालं. काम झालं हे त्यालाही कळत होतं. पण त्याच्या डोक्यात दुसरंच चाललं होतं. अकरा, असं दीपमाला म्हणाली होती. दहा-बारा नाही, बरीच वर्षं नाही. तिला आकडा पाठ होता. दारात उभ्या असलेल्या परक्या माणसाला तिने तो न अडखळता सांगितला असणार.

शेवटी साहेबांनी त्याला प्रश्न विचारले. बाकीचे सरळ होते. मग ते म्हणाले, "पोचपावतीवर तुमच्या नावाची सही आहे. त्याबद्दल काय म्हणणं आहे?"

"साहेब, सही माझी नाही."

"कुणाची आहे?"

"ती कुणाची आहे ते मला सांगायचं नाही."

साहेबांनी मान वर केली. चष्म्यावरून त्याच्याकडे बघितलं, जरा जास्तच वेळ. मग स्टेनोकडे वळून सावकाश सांगितलं, "आरोपी म्हणतो, सही त्याची नाही. अधिक काही सांगू इच्छित नाही."

निकाल पुढच्या महिन्यात लागला. साहेबांनी वाचून दाखवलं ते पाच मिनिटांत संपलं. पहिल्या पाकिटावरच्या शेऱ्यावरून आरोपी त्या पत्त्यावर राहत नव्हता असं दिसतं. त्यानंतरही हुकूम त्याच पत्त्यावर गेला. पोचपावतीवरची सही आरोपीच्या कोर्टातल्या सहीशी जुळत नाही आणि ती त्याचीच आहे असं सिद्ध करणारा साक्षीदार नाही. लायसन्स निलंबित झाल्याचं आरोपीला माहीत होतं हे शंकेपलीकडे शाबीत होत नाही, म्हणून संशयाचा फायदा देऊन निर्दोष मुक्तता. "ऐकलं का? सुटलात तुम्ही," साहेब म्हणाले. पितांबरने हात जोडले.

बाहेर व्हरांड्यात सबा म्हणाली, "बघा, तुमच्या बायकोनेच सोडवलं तुम्हाला." ती खुशीत होती, पुढची केस पुकारली गेली होती, ती तशीच आत पळाली. जिन्यात धनसिंग राजपूत भेटला, दुसऱ्या कुठल्या साक्षीला आला होता. "जा भाऊ, आधी पत्ता बदलून घ्या लायसन्सवरचा," तो म्हणाला.

पितांबर आवारातल्या लिंबाखाली उभा राहिला. ज्यांच्याबरोबर चहा प्यावा असं तिथे कुणी नव्हतं. त्याने आम्रपालीला फोन लावला.

"पप्पा, ट्रेनिंगमध्ये आहे. पटकन सांगा."

"सुटलो."

"खरंच?" तिचा आवाज खाली आला. "सहीचं विचारलं का?"

"विचारलं. नाही सांगितलं."

पलीकडे कुणीतरी मोठ्याने काही शिकवत होतं. मग ती म्हणाली, "आईला सांगू?"

"सांग."

त्याने थोडी वाट पाहिली. फोन बंद झाला होता.

महिनाभरात त्याने घरमालकाकडून करारनामा करून घेतला आणि लायसन्सवर जळगावचा पत्ता आला. आधार बदललं, मतदार यादीतलं नावही हलवलं. रेशन कार्डाचं मात्र त्याने राहू दिलं. निकालाची नक्कल घेऊन तो त्या डॉक्टरांकडे गेला. त्यांनी ती वाचली नाही. "अहो, मला माहीत होतं," असं म्हणाले, आणि पुढच्या आठवड्यात ड्यूटी दिली. हळूहळू दोन-चार घरं परत आली, सगळी नाही आली. तोताराम नानांना त्याने दोनदा फोन केला. त्यांनी एकदाही उचलला नाही.

आम्रपालीची नेमणूक पहूरकडच्या एका उपकेंद्रावर झाली. हे तिनेच फोन करून सांगितलं. महिन्या-दीड महिन्यातून तिचा फोन यायचा. जेवलात का, कुठे आहात, सध्या ड्यूटी आहे का, इथवरच बोलणं जायचं. दीपमाला त्यात कधी नसायची. एकदा मागून भांड्यांचा आवाज आला, तेव्हा आम्रपाली सुट्टीला घरी आहे हे त्याच्या लक्षात आलं. त्याने बोलणं लांबवायचा प्रयत्न केला. आवाज थांबला, पण फोनवर कुणी आलं नाही.

या हिवाळ्यात डॉक्टरांच्या घरची मंडळी घेऊन तो संभाजीनगरला चालला होता. वाटेत पहूर आलं. त्याने मागे वळून विचारलं, "दहा मिनिटं थांबू का? काम आहे जरा." इतक्या वर्षांच्या धंद्यात असं त्याने पहिल्यांदाच विचारलं होतं. डॉक्टरांची बायको म्हणाली, "थांबा ना, आम्ही चहा घेतो." हॉटेलात मंडळी बसली आणि तो विचारत विचारत उपकेंद्रावर गेला. दाराला कडी होती, कुलूप नव्हतं. व्हरांड्यात एक म्हातारी बाई पाय पसरून बसली होती. शेवंताबाई, तिथली झाडलोट करणारी.

"ताई लसीकरणले गयात," ती म्हणाली. "दुपारलोंग येतीन. तुम्ही कोन?"

"जळगावहून आलोय," पितांबर म्हणाला.

तो बाकावर बसला. भिंतीवर लसीकरणाचा तक्ता होता, खाली कर्मचाऱ्याच्या नावापुढे आम्रपाली पितांबर बिऱ्हाडे असं छापलेलं होतं. त्याने ते दोनदा वाचलं. वीस मिनिटं झाली. मग डॉक्टरांच्या बायकोचा फोन आला, चहा होऊन बराच वेळ झाला होता, पोरं कंटाळली होती. तो उठला. शेवंताबाईने विचारलं, काही निरोप सांगायचा का. तो म्हणाला, नको, फोन करीन.

संध्याकाळी संभाजीनगरात तो मंगल कार्यालयाबाहेर गाडीत बसलेला असताना आम्रपालीचाच फोन आला.

"तुम्ही आला होतात का? शेवंताबाई म्हणाली, एक उंच माणूस येऊन बसून गेला."

"हो. रस्त्यात होतं, म्हणून."

"यायच्या आधी फोन करायचा ना, पप्पा. मी थांबले असते."

"पुढच्या वेळी करतो," तो म्हणाला.

कार्यालयाच्या मागच्या दाराने आचारी रिकामी पातेली बाहेर आणत होते. ड्रायव्हर लोकांना जेवायला बोलावणं आलं. पितांबरने काच वर केली, गाडीला कुलूप लावलं आणि बाकीच्या ड्रायव्हरांच्या मागोमाग आत गेला.